सात वर्षांत तिसरा गिझर : जुळे सोलापुरातलं एक प्रकरण

मी सोलापुरात घरगुती वायरिंग आणि नळजोडणीची कामं करतो. गिझर बदलणं हे त्यातलं रोजचं काम. तासाभराचं, फारसं डोकं न लागणारं. या घरात मात्र ते दीड महिना चाललं. त्यात मी दोन चुका केल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. घरातल्या माणसांची ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

पार्श्वभूमी

घर जुळे सोलापुरातलं, सात वर्षांपूर्वी बांधलेलं. खाली हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या. वर एक खोली आणि गच्ची. माणसं सहा. मालक टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात, वहिनी घरी शिकवण्या घेतात, कॉलेजात जाणारी दोन मुलं, मालकांचा धाकटा भाऊ आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, जिला सगळे अव्वा म्हणतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, चिडल्यावर दोन्ही.

पाण्याची सोय आपल्याकडे असते तशीच. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हौदात पडतं आणि तिथून अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाने स्वयंपाकघरावरच्या छोट्या टाकीत चढतं. ते फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. अंघोळ, कपडे, भांडी, संडास सगळं बोअरवर. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी, तिच्यातून सगळ्या घराला पाणी. खालच्या बाथरूममधल्या २५ लिटरच्या गिझरलाही तेच.

पहिला गिझर साडेतीन वर्षं चालला. दुसरा वेगळ्या कंपनीचा, दोन हजार रुपये जास्त देऊन घेतलेला, त्याने तीन वर्षांत मान टाकली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांचा फोन आला. ‘भाऊ, गिझर गेला परत. आता कुठल्या कंपनीचा घ्यावा तेवढं सांगा, मी दुकानातूनच बोलतोय.’

इथे पहिला निर्णय होता, आणि तो माझा होता. एक नाव सांगून मोकळं होता आलं असतं. दुसऱ्या दिवशी जाऊन नवा टांगला असता, सहाशे रुपये मजुरी खिशात घातली असती. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच घरात इतक्या कमी वर्षांत मरत असतील, तर यंत्राकडे बोट दाखवण्याआधी घराकडे बघायला हवं. म्हटलं, ‘अण्णा, आज घेऊ नका. संध्याकाळी बघून जातो.’ ते म्हणाले, ‘बघायचं काय त्यात? गेलाय की.’

तक्रार काय होती

पाणी कोमटच येतं, ही मुख्य तक्रार. अर्धा तास चालू ठेवला तरी एक बादलीसुद्धा धड गरम निघत नाही. दिवा मात्र दहा मिनिटांत विझतो, म्हणजे गिझरच्या मते पाणी तापलेलं असतं. धाकट्या भावाने सांगितलं की आतून आवाज येतो, पातेल्यात डाळ रटरटावी तसा.

तिसरी गोष्ट मी चपला घालत असताना अव्वांनी सांगितली, अगदी सहज. ‘नळाला हात लावला की मुंग्या येतात बघ. थंडीने असेल.’

चपला काढून परत आत गेलो.

उघडून पाहिलं तेव्हा

आधी मीटर लावला. गिझर चालू ठेवून त्याची खालची, पाइप जोडायची पितळी निपल आणि बाथरूमची ओली फरशी यांच्यात ४१ व्होल्ट दाखवले. अव्वांच्या मुंग्या थंडीच्या नव्हत्या. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे ते पाणी वीज चांगली वाहून नेतं; प्लास्टिकचा पाइप मध्ये असला तरी आतल्या पाण्यातून ती नळाच्या धातूपर्यंत पोचत होती.

मग बोर्डावरचा एमसीबी का पडला नाही? हा प्रश्न मालकांनी विचारला, आणि तो बरोबर प्रश्न होता. उत्तर अर्थिंगमध्ये होतं. टेस्टरवर अर्थिंगचा रोध ३८ ओहम निघाला. आता हिशेब करा. फेज पूर्णपणे गिझरच्या अंगाला टेकला, तरी २३० भागिले ३८ म्हणजे जेमतेम ६ अँपिअर वाहणार. एमसीबी १६ अँपिअरचा. तो जागचा हलणारच नाही. त्याचं काम वायर जळू न देणं हे आहे; माणसाला वाचवणारं, वीज गळतेय म्हटलं की पुरवठा तोडणारं उपकरण आरसीसीबी, आणि ते या घरात नव्हतं. कॉइलमधून साधारण एक अँपिअर गळत होता, तो ३८ ओहममधून जमिनीत जाताना गिझरच्या अंगावर चाळीसच्या आसपास व्होल्ट उभे करत होता. गणित आणि मीटर दोन्ही जुळले.

अर्थिंग इतकं खराब का, तेही लगेच दिसलं. घर बांधताना खड्डा नीट केला होता, कोळसा-मीठ घालून. तीन वर्षांपूर्वी पोर्चला नवी फरशी बसवली तेव्हा तो फरशीखाली गेला. पाणी घालायचं तोंडच बंद. सोलापूरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत खालची माती करपून गेली असणार.

त्या संध्याकाळी गिझरची वायर काढून टाकली. मालकांनी शेजारून हीटरची सळई आणवली होती, बादलीत टाकायची. ती मी लावू दिली नाही. अर्थिंग तेच, बोर्ड तोच, आणि सळई तर उघडी. थोडा वाद झाला. शेवटी वहिनींनीच गॅसवर मोठं पातेलं चढवलं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी गिझर उतरवून अंगणात आडवा केला आणि खालची फ्लँज, म्हणजे कॉइल बसवलेलं झाकण, उघडली. बोल्ट सुटले तरी कॉइल बाहेर येईना. हातोडीच्या दांड्याने टाकीला टकटक केल्यावर आतून तुकडे गळायला लागले: पातळ, खडबडीत, कडा करपल्यासारख्या तपकिरी. धाकटा मुलगा म्हणाला, ‘कडक भाकरी!’ खरंच तसेच होते. यात्रेला नेण्यासाठी बांधून ठेवलेली ज्वारीची कडक भाकरी पिशवीत चुरडावी, तसा तो ढीग दिसत होता. वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. दोन किलो तीनशे ग्रॅम.

कॉइलचं मूळ तांबं कुठेच दिसत नव्हतं. एका वळणाजवळ चुन्याचा थर फुटला होता, तिथे तांब्याला बारीक भोक. गळती तिथूनच. मॅग्नेशियमची अ‍ॅनोड सळई, जी स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही, तिच्या जागी आतली लोखंडी तार तेवढी उरली होती. टाकीत शेवटी निघालेलं पाणी चहासारखं लाल. फ्लँजच्या जोडाजवळ आतला काचेचा लेप उडून गंज धरलेला.

पाणी बघितलं का?

टीडीएस मीटर बहुतेकांकडे असतो, मालकांकडेही होता. बोअरचं पाणी १३५० दाखवत होतं. पण गिझरला मारणारा आकडा हा नव्हे. टीडीएसमध्ये सगळेच विरघळलेले क्षार आले, साधं मीठसुद्धा. चुना किती बसणार हे कठीणपणावरून कळतं, आणि त्यासाठी थेंब टाकून रंग बदलायचा संच वेगळा मिळतो. त्याने मोजलं: बोअर ६२० मिलिग्रॅम प्रतिलिटर, महापालिकेचं १९०. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची योग्य मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे बोअर त्या शेवटच्या रेषेच्याही बाहेर.

संच नसेल तर दोन बाटल्यांत दोन्ही पाणी घेऊन सारखाच साबण टाकून हलवा. आम्ही तेही केलं, मालकांना पटावं म्हणून. महापालिकेच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत, बोअरच्या बाटलीत पांढरट गढूळ पाणी आणि वर नावापुरते बुडबुडे.

पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट गार पाण्यात विरघळलेले असतात. तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि कार्बोनेट, म्हणजे चुनाच, खाली बसतो. जिथे सर्वांत गरम तिथे सर्वांत आधी बसतो, म्हणून कॉइलवर. या घरात रोज साधारण ६० लिटर गरम पाणी लागतं. उन्हाळा सोडून वर्षाचे २५० दिवस धरले तर तीन वर्षांत ४५,००० लिटर. म्हणजे २८ किलो चुना या टाकीतून वाहून गेला, त्यातला सव्वादोन किलो आत राहिला. त्यात गिझरचा खटका सतत सर्वांत वरच्या तापमानाला. जितकं जास्त तापवाल तितका चुना जास्त सुटतो.

एक गैरसमज इथेच खोडून टाकतो. कॉइलवर चुना बसला की बिल दुप्पट येतं, असं सर्रास सांगतात, विशेषतः चुना काढायची पावडर विकणारे. मला ते पटत नाही. कॉइल पाण्यात बुडालेली आहे. ती ओढते ती वीज शेवटी त्याच पाण्यात उतरते, दुसरीकडे जाणार कुठे? त्रास वेगळाच होतो. चुन्याखाली कॉइलची उष्णता कोंडते आणि ती जळते किंवा तिला भोक पडतं. थर्मोस्टॅटची नळीही त्याच चुन्यात गाडली जाते, तिला टाकीतल्या पाण्याऐवजी शेजारच्या कॉइलचा चटका कळतो, आणि ती पाणी तापायच्या आधीच वीज तोडते. कोमट पाणी आणि दहा मिनिटांत विझणारा दिवा, दोन्हींचं कारण हे.

पर्याय

कॉइल, थर्मोस्टॅट आणि अ‍ॅनोड बदलणं हा सर्वांत स्वस्त पर्याय, अठराशे-दोन हजारांत झाला असता. टाकी चांगली असती तर मी हेच सुचवलं असतं. लाल पाणी बघितल्यावर सोडून दिला.

तीन लिटरचा झटपट तापवणारा गिझर मोठ्या मुलाला हवा होता. तो ३ किलोवॅटचा, १३ अँपिअर ओढणारा; बाथरूमची वायर दीड चौरस मिलिमीटरची, ती बदलावी लागली असती. आणि आपल्याकडे अंघोळ बादलीने. तीन लिटरची टाकी बादली भरेपर्यंत दम तोडते. कठीण पाण्यात या छोट्या टाक्या आणखी लवकर चोंदतात, हा माझा अनुभव.

गॅस गिझरवर चर्चासुद्धा केली नाही. खालच्या बाथरूमला वीतभर खिडकी, ती थंडीत बंद. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नसतो.

सौरबंबाचा विचार मनापासून झाला. सोलापुरात ऊन फुकट आहे आणि नको तितकं आहे. गच्ची मोकळी, दक्षिण खुली. पण मालकांना दोन वर्षांत वर मजला चढवायचा आहे, तेव्हा सगळं उतरवावं लागलं असतं. शिवाय ६२० कठीणपणाचं पाणी सरळ सौरबंबात सोडलं तर तिथेही चुना बसणारच, फक्त दिसायला उशीर लागतो. हीट पंपाची किंमत ऐकून मालक हसले, तो विषय तिथेच संपला.

संपूर्ण घराला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र, लावायचा तर मिठाचं पोतं, आठवड्याची धुलाई आणि ते करणारा माणूस, तिन्ही कायमचं हवं. या घरात सकाळी सात वाजता बहुतेक जण बाहेर पडतात. कुणी करणार नव्हतं, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पाइपला लावायचं चुंबक मिळतं, चुना बसू देत नाही म्हणून विकतात. मी लावलेल्या ठिकाणी फरक दिसलेला नाही.

अव्वांचं मत सगळ्यांत स्पष्ट होतं. तांब्याचा बंब माळ्यावर आहे, काढा, खाली चार लाकडं सरकवा. ‘त्याने कधी कुणाला झटका दिला का?’ या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुना त्यातही बसायचा, हे खरं. पण बंबाचं तोंड मोठं, वर्षातून एकदा चिंच आणि राखेने घासला की साफ. आजच्या गिझरचं पोट बंद असतं, म्हणून ते कुणी साफ करत नाही.

निर्णय कसा झाला

पर्यायांची चर्चा चालली होती ती यंत्राभोवती. ती पाण्याकडे वळवली वहिनींनी. त्या म्हणाल्या, ‘स्वयंपाकघरातल्या पाण्याची वाफ होऊन कुकर कधी पांढरा पडत नाही. मग तेच पाणी गिझरला का नको?’

सोपी गोष्ट होती, माझ्याही डोक्यात घोळत होती. पण महापालिकेचं पाणी अंघोळीला म्हटलं की सोलापूरकराच्या पोटात गोळा येतो. पाणी पाच दिवसांनी येणार, ते असं उडवायचं? म्हणून मी बोललो नव्हतो. हिशेब मांडला तर भीती उतरली. अंघोळीचं सगळं पाणी महापालिकेचं नको, फक्त गिझरमध्ये जाणारं हवं. ते ६० लिटर. पाच दिवसांचे ३००. बादलीत वरून घालायचं गार पाणी बोअरचंच राहील. गच्चीवर ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवली तर आठ दिवस निघतात.

राहिला पैशाचा प्रश्न. मालक दहा हजारांची तयारी करून बसले होते. गिझर ९,८००, टाकी आणि लोखंडी स्टँड ४,६००, सीपीव्हीसी पाइप आणि जोडकाम ३,१००, नवं अर्थिंग ३,५००, आरसीसीबी २,२००, मजुरी ४,०००. बेरीज २७,२००. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘आत्ता गिझर लावू, बाकीचं गड्ड्यानंतर बघू.’ गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, जानेवारीत; पाहुणे येणार, खर्च आहेच.

मी एका गोष्टीवर अडून राहिलो: क्रम उलटा करायचा. आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग गिझर, मग टाकी. पाण्याने गिझर मेला तर पैसे जातात. अर्थिंगने काय जाऊ शकतं ते अव्वांच्या मुंग्यांनी सांगितलं होतं. हे त्यांना पटलं. पैसे दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं.

गिझरच्या आकारावर थोडी ओढाताण झाली. मी १५ लिटर सुचवत होतो. २ किलोवॅटच्या कॉइलने १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० वर न्यायला वीस मिनिटं लागतात, दोन अंघोळींमध्ये तेवढा वेळ जातोच. मालकांनी २५ चाच घेतला. संक्रांतीला घरात अकरा माणसं होती, तेव्हा त्यांचंच बरोबर ठरलं.

काम

पोर्चची फरशी फोडायला मालक तयार नव्हते, म्हणून मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ, जिथे रोज आपोआप पाणी पडतं तिथे नवं अर्थिंग घेतलं. रोध ४.२ ओहम आला. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. बाथरूमच्या प्लगची एक पिन काळवंडली होती. सॉकेट बदललं आणि गिझरची वायर अडीच चौरस मिलिमीटरची ओढली.

नवी टाकी गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईवर ठेवली, कारण भरल्यावर तिचं वजन अर्ध्या टनाच्या पुढे जातं. तिची उंची जुन्या टाकीइतकीच हवी होती. गार आणि गरम पाणी दोन टाक्यांतून येऊन एकाच मिक्सरमध्ये भेटणार असेल आणि एक टाकी खाली असेल, तर वरच्या टाकीचं पाणी दुसऱ्याला दाबून टाकतं. गरम नळ सुटतच नाही. स्टँड त्यासाठीच केला. पाणी खंडलं तर अडचण नको म्हणून जुन्या टाकीतून गिझरला एक बायपास व्हॉल्व्हही दिला. याच्याबद्दल पुढे बोलतो.

गिझरच्या गार बाजूला कंपनीचा सेफ्टी व्हॉल्व्ह लावला, थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवला. फार खाली आणणंही बरं नाही, साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. ३ जानेवारीला अव्वांनी पहिली अंघोळ केली.

पुढे काय झालं

संक्रांतीनंतर चार दिवसांनी मी उरलेल्या पैशांसाठी गेलो होतो. बाथरूममध्ये डोकावलो तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला काळा गोळा. एम-सील. धाकट्या भावाने लावलं होतं. ‘थेंब थेंब गळत होतं की. नवीन गिझर आणि गळतोय म्हणून बुजवलं.’

मी तिथेच वीज बंद केली. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की पावशेरापेक्षा जास्त, साधारण ३८० मिलिलिटर वाढतं. व्हॉल्व्हमध्ये परतीला अटकाव असल्यामुळे ते गच्चीवरच्या टाकीकडे परत जाऊ शकत नाही, म्हणून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. ते गळणं नव्हे, श्वास घेणं आहे. तोंड बुजवल्यावर टाकीत दाब चढत जातो, आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट अडकला तर गिझर भिंतीवरून उडतो. व्हॉल्व्ह बदलला, त्याच्या तोंडाला बारीक नळी लावून ती मोरीत सोडली. आता थेंब कुणाला दिसत नाहीत, त्यामुळे कुणी बुजवत नाही.

एप्रिलमध्ये दुसरी भानगड. आरसीसीबी दिवसातून तीन-तीनदा पडायला लागला. मालक वैतागले. ओळखीच्या एकाने त्यांना तो काढून टाकायचा सल्ला दिला होता; सुदैवाने त्यांनी आधी मला बोलावलं. एकेक उपकरण काढून बघितलं. दोष कूलरच्या पंपाचा निघाला, वायरचं आवरण फाटून ती पाण्यात बुडाली होती. तोच कूलर मागचे दोन उन्हाळे अव्वांच्या खाटेशेजारी चालत होता.

जूनमध्ये जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणी नऊ दिवस आलं नाही. बायपास उघडला, तो त्यासाठीच होता. पाणी सुरू झाल्यावर बंद करायचा राहिला. माझ्या लक्षात आला तो पुढच्या फेरीत, तोपर्यंत सत्तर दिवस बोअरचं पाणी गिझरमध्ये गेलं होतं.

दिवाळीच्या आधी, अभ्यंगस्नानाच्या तयारीत, ठरल्याप्रमाणे फ्लँज उघडली. चुना निघाला १९० ग्रॅम, बहुतेक भुगा, हाताने पुसता येणारा. कॉइलचा रंग दिसत होता. अ‍ॅनोड दोन तृतीयांश शिल्लक.

वेगळं काय करता आलं असतं

व्हॉल्व्हमधून थेंब पडणार, हे मी त्या घरात एकालाही सांगितलं नव्हतं. मला इतकं सवयीचं की सांगण्यासारखं वाटलंच नाही. नळी पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. साठ रुपयांचा माल. आता मी गिझर लावून झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसाला आणि सर्वांत उचापती माणसाला, दोघांना उभं करून तो थेंब दाखवतो.

बायपासबद्दल अजून माझं नक्की होत नाही. तो नसता तर जूनमध्ये काही दिवस गॅसवर पाणी तापवावं लागलं असतं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी कुणाचं काही अडलं नसतं. वहिनींना तो हवाच आहे. तडजोड म्हणून व्हॉल्व्ह गच्चीवरून काढून जिन्यात, रोज नजर पडेल असा आणला. उघडा असेल तेव्हा त्याच्या दांड्याला लाल कापड बांधायचं, असं ठरलंय. कापड अव्वांच्या जुन्या लुगड्याचं आहे.

पहिला गिझर गेला तेव्हाच कुणी उघडून बघितलं असतं, तर दुसऱ्याचे पैसे वाचले असते. तो माझ्याच ओळखीच्या मिस्त्रीने बदलला होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘त्यांनी बदल म्हटलं, मी बदलला.’ त्याला दोष देता येत नाही. फोनवर कंपनीचं नाव सांगायला मीही जवळजवळ तयार झालो होतो.

अर्थिंग दरवर्षी मार्चमध्ये मोजायचं ठरलंय. वरच्या मजल्याचं काम सुरू झालं की सौरबंबाचा विषय परत निघेल. त्यासाठी नव्या टाकीतून एक तोंड आत्ताच काढून टोपी लावून ठेवलं आहे. भाकरीसारखे ते तुकडे वहिनींनी काचेच्या बरणीत भरून ठेवलेत. शिकवणीच्या मुलांना कठीण पाण्याचा धडा आला की ती बरणी खाली येते.